पहिलं कसरतीचं विमान: आधी खुर्च्या मोजा

वाचकाचं पत्र:

काका, हिंगणा एमआयडीसीत माझं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. कूलरच्या बॉडीपासून इलेक्ट्रिक पॅनलपर्यंत सगळं करतो, चार पोरं कामाला आहेत. दोन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना काढला, सेस्ना १५२ वर ९६ तास झालेत. स्वतःच्या विमानात लूप आणि रोल करायचे हे खूळ डोक्यातून जात नाही. तीन रस्ते दिसतात. अमेरिकेत कुणीतरी अर्धवट सोडलेलं पिट्स एस-१ स्वस्तात मिळतंय. सासऱ्यांच्या मित्राच्या शेडमध्ये जुन्या पुष्पकचा सांगाडा पडलाय, तो ते फुकट घेऊन जा म्हणतात. किंवा मग नवं किट मागवायचं. बायकोची हरकत नाही, पण ती एकच विचारते, "हे पुरं होणार का?" तिन्हींचा तक्ता सोबत जोडलाय. तुम्ही एक नाव सांगा, मी तेच करतो.
समीर, मनीषनगर

समीरभाऊ,

एकच नाव मागितलंत, तर ते आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. आरव्ही-७, घरी जोडायचं पत्र्याचं, दोन खुर्च्यांचं किट विमान. तेसुद्धा आख्खं नको, आत्ता फक्त त्याची शेपूट मागवा. का, ते पुढे सांगतो. मधेमधे थोडं घाबरवणारही आहे, रागावू नका.

तुमचा तक्ता छान आहे. इंजिन किती हॉर्सपॉवरचं, पंख लाकडाचे की पत्र्याचे, वाहतुकीचा खर्च, सगळे रकाने भरलेत. एकच रकाना राहिला. खुर्च्या किती?

माझा हट्ट एवढाच आहे की पहिल्या कसरतीच्या विमानात दुसऱ्या माणसाला बसायला जागा हवी. तुम्हाला अजून लूप, म्हणजे हवेतलं उभं वर्तुळ, येत नाही. ज्याला येतो तो माणूस तुमच्याच विमानात, तुमच्याच स्टिकवर बोटं टेकवून बसायला हवा. एका खुर्चीच्या विमानात पहिल्या दिवसापासून तुम्हीच मास्तर आणि तुम्हीच विद्यार्थी, आणि नापास झालात तर सांगायलाही कुणी नाही.

पिट्स एस-१ ला एकच खुर्ची आहे. विमान मात्र देखणं, यात वाद नाही. कर्टिस पिट्स नावाच्या माणसाने १९४४ मध्ये पहिलं बांधलं, आणि पुढे कित्येक वर्षं जगभरच्या स्पर्धांत त्याच घराण्याची विमानं जिंकत राहिली. वरचा पंख जेमतेम सतरा फुटांचा, म्हणजे तुमच्या शेडच्या शटरमधून आडवं आत येईल. हात हलवायचा विचार केला की विमान वळलेलं असतं, असं ते उडवणारे सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती फार नाही. पण हाच चपळपणा उतरताना अंगाशी येतो. पिट्सला तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे जमिनीवर नाक वर असतं आणि समोरची धावपट्टी दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत सरळ राहायचं.

सेस्ना १५२ ला चाक नाकाखाली आहे. थोडी तिरकी टेकवली तरी ती आपसूक सरळ होते, कारण वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. शेपटीला चाक असलेल्या विमानात तो मध्य चाकांच्या मागे जातो. भाजीवाल्याची हातगाडी मागून ढकलताना आणि पुढून ओढताना जो फरक जाणवतो, तसंच काहीसं. शेपूट जरा बाजूला गेली की तिला पुढे यायची घाई होते, आणि पाय वेळेवर नाही हलला तर विमान जागच्या जागी गिरकी घेतं. लांब धडाच्या विमानात हे व्हायला क्षणभर तरी लागतो. पिट्सचं धड आखूड, तो क्षणही मिळत नाही. ९६ तासांत तुमचे पाय हे शिकलेले नाहीत. शिकले असते तर पत्रात तुम्ही आधी तेच लिहिलं असतं.

त्यात हे पिट्स अर्धवट सोडलेलं. दुसऱ्याने बांधायला घेतलेलं विमान विकत घेणं म्हणजे दुसऱ्याने अर्धं विणलेलं स्वेटर पुढे विणणं. टाके कुणाचे, किती घट्ट, काही कळत नाही. धडाच्या नळ्या क्रोमोली पोलादाच्या असतात, वेल्डिंग वरून सुंदर दिसलं तरी आत किती उतरलंय ते फोटोत दिसत नाही. पंखांची लाकडी जोडणी कोणत्या सरसाने, कोणत्या वर्षी, किती थंडीत केली? विकणारा म्हणेल, "सगळं उत्तम आहे." उत्तम असतं तर त्याने सोडलं नसतं, असं मी म्हणणार नाही, माणसं घटस्फोटापायी, बदलीपायी, पाठदुखीपायी सोडतात. पण तुम्हाला ते नागपुरात बसून तपासता येणार नाही, आणि इथल्या तपासनीसाला कागद दाखवतानाही अडचण येणार.

आता पुष्पक. याबद्दल जरा रेंगाळतो, कारण तो माझ्या मनाचा कोपरा आहे.

हिंदुस्तान एअरक्राफ्टने (म्हणजे आजच्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने) १९५८ मध्ये उडवलेलं हे दोन खुर्च्यांचं, वर पंख असलेलं विमान. घडण अमेरिकन एरोंका चीफसारखी, इंजिन ९० हॉर्सपॉवरचं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एका आख्ख्या पिढीने यावरच उडायला शिकलं. मी विमान दुरुस्तीच्या नोकरीला लागलो तेव्हा ज्या क्लबात होतो, तिथेही एक होतं. वार्षिक तपासणीला माझ्या हातात माझ्या सिनियरने एक टोच्या दिला आणि म्हणाला, "शेपटीकडची खालची नळी टोच." कापड सोडवलं. नळी वरून हिरव्या रंगाची, नवीकोरी दिसत होती. मी हलकेच टोचलं, काही नाही. बोटभर पुढे टोचलं, काही नाही. शेपटीच्या चाकाच्या जरा आधी टोच्या पापडात शिरावा तसा आत गेला. आतली नळी गंजून कागद झाली होती, वरचा रंग तेवढा तिला धरून होता. शेपटीला चाक असलेलं विमान उभं असताना शेपूट सगळ्यात खाली. चाळीस पावसाळ्यांचं पाणी तिथेच येऊन बसतं. त्या आधीच्या आठवड्यात त्याच विमानात एका पोराने सोलो केला होता.

म्हणून सांगतो, फुकटचा सांगाडा आणायला जाल तेव्हा टोच्या, चुंबक आणि टॉर्च घेऊन जा. पंखाच्या आत उंदराचं घरटं दिसलं तर आसपासचं लाकूड आणि पत्रा नीट बघा. उंदराचं मूत जिथे मुरतं तिथे धातू राहत नाही. पंखाचा लाकडी कणा, ज्याला आपण स्पार म्हणतो, त्यावर टॉर्च जवळजवळ आडवी धरायची. लाकडाच्या रेषांना छेदून जाणारी केसासारखी बारीक आडवी रेघ दिसली तर तो दाबाचा तडा आहे, आणि तो स्पार जळणात गेला.

आणि हे सगळं ठणठणीत निघालं तरी पुष्पक कसरतीसाठी बनलेलं विमान नाही, हे विसरू नका. सिताबर्डीवरून अंबाझरीपर्यंत संध्याकाळचं हिंडायला बेस्ट. लूपला नाही. नवा रंग, नवं कापड लावलं म्हणून विमानाच्या हाडांची ताकद वाढत नाही.

आपल्याकडच्या जुन्यांपैकी कसरती करू शकणारं म्हणजे एचटी-२. १९५१ मध्ये उडालेलं, आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आरेखलेलं, भारतात आखून भारतातच उत्पादनात गेलेलं पहिलं विमान. एखादं कुठे सापडलं तर मला फोन करा, मी स्वतः येतो बघायला. पण विकत घेऊ नका. त्याचं सिरस मेजर इंजिन विलायती आणि कधीच बंद पडलेल्या घराण्याचं, एक पिस्टन रिंग शोधायला तुमची निवृत्ती येईल. ते संग्रहालयांचं काम आहे.

जुनं विमान घेऊन उभंच करायचं असेल तर दोन नावं गंभीरपणे घेईन. एक तुमच्या ओळखीच्याच घरातलं, सेस्ना १५२ एरोबॅट. दिसायला तुमच्या क्लबच्या सेस्नासारखीच, पण आतून जागोजागी मजबूत केलेली, आणि अधिक ६ ते उणे ३ जी पर्यंत, म्हणजे वजनाच्या सहापट सरळ आणि तिप्पट उलट्या भारापर्यंत, मान्यता असलेली. साध्या १५२ वर कुणी असले प्रयोग करू नयेत, नावातला तो एक शब्दच महत्त्वाचा. आपल्या देशात १५२ वर हात बसलेले एएमई, म्हणजे परवानाधारक विमान दुरुस्ती इंजिनिअर, भरपूर, सुटे भाग मिळतात, कागदपत्रांची वाट मळलेली. लूप करताना ती म्हाताऱ्यासारखी कण्हते, पण करते. चुका हळूहळू करते, म्हणजे तुम्हाला दिसतात.

दुसरं नाव सिटाब्रिया आणि तिची मोठी बहीण डेकॅथलॉन. सिटाब्रिया हा शब्द इंग्रजीत उलटा वाचला की 'एअरबॅटिक' होतो, १९६४ साली नाव ठेवणाऱ्याने अशी गंमत केली. पुढेमागे दोन खुर्च्या, वर पंख, शेपटीला चाक, पण स्वभाव गायीसारखा. सिटाब्रियाची मर्यादा अधिक ५, उणे २ जी. डेकॅथलॉनची अधिक ६, उणे ५, आणि ती उलटी उडूनही इंजिन बंद पडू देत नाही. जुन्या सिटाब्रियांचे स्पार लाकडी होते, म्हणून वरचा टॉर्चचा धडा इथेही लागू. पुढच्या काळातल्या विमानांना धातूचे स्पार आले, आणि जुन्यांवर ते बसवूनही मिळतात. तसं बसवलेलं मिळालं तर अर्धी काळजी मिटली.

पण नागपुरात राहणाऱ्याने इंजिनाचा आकडा मे महिन्यात वाचावा. सोनेगावची, म्हणजे आपल्या विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ४,९०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. चिखलदरा तीन हजार सातशेच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्याही बरंच वर, आणि थंडावा मात्र नाही. साध्या इंजिनाचा जोर दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्के घटतो. १५० ची घोडी दुपारी १२८ वर येते. एरोबॅटची ११० वाली तर नव्वदीत. त्यात दोन माणसं, पॅराशूट आणि इंधन घालून चार हजार फूट चढायचं. एक लूप करायचा आणि गेलेली उंची परत मिळवायला दहा मिनिटं घिरट्या घालायच्या. म्हणून एरोबॅट घेतलीत तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते नऊ. सिटाब्रिया घेतलीत तर ११५ वाली नको, १५० वालीच शोधा.

बायप्लेनचा, म्हणजे पिट्ससारख्या एकावर एक पंखांच्या विमानाचा, मोह तुम्हाला होणारच, मलाही होतो. डेन्व्हरच्या शाळेतले एक शिक्षक, लामार स्टीन, यांनी स्कायबोल्ट नावाचं दोन खुर्च्यांचं बायप्लेन आखलं, शाळेच्या पोरांनी ते बांधलं आणि १९७० मध्ये ते उडालं. नुसत्या नकाशांवरून आजवर अनेकांनी बांधलंय. विमान मजबूत, खुर्च्या दोन, तक्रारीला जागा नाही. पण बायप्लेन म्हणजे पंखांचं काम दुप्पट आणि ते पंख लाकडाचे. लाकूडही आपला आलापल्लीचा साग चालत नाही, सागाला वजन फार. सिटका स्प्रूस लागतं, ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून येणार. इथे एप्रिलात हवा भट्टीसारखी कोरडी आणि जुलैत ओला टॉवेल. लाकूड आकसतं, फुगतं, जोड ताणले जातात. टिनाच्या शेडमध्ये इपॉक्सीचे जोड तापून मऊ पडू शकतात, आणि गडद रंगाचा पंख उन्हात उभा असेल तर विचारूच नका. वातानुकूलित खोली असेल आणि सुताराचा हात असेल तर करा. तुमच्याकडे पत्र्याचा हात आहे.

म्हणूनच आरव्ही.

ओरेगॉनचे रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली ही किटची मालिका. आजवर अकरा हजारांहून जास्त आरव्ही लोकांनी बांधून उडवल्या आहेत. याचा अर्थ, तुम्ही जी चूक कराल ती आधी कुणीतरी केलेली असेल आणि त्यावरचा उपायही कुणीतरी लिहून ठेवलेला असेल. एकट्याने नागपुरात बांधणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. सगळ्या आरव्ही कसरतीच्या नाहीत, ९, १० आणि १२ नाहीत. ७ आणि ८ आहेत. ८ मध्ये खुर्च्या पुढेमागे, ७ मध्ये शेजारी. शिकायला शेजारी बरं, मास्तरला तुमचा चेहरा दिसतो. पांढरा पडला की तो ओळखतो. ७ मध्येही नाकाखाली चाक असलेली ७ए मिळते, आणि तुमच्या ९६ तासांना तीच घ्या, पट्टी मात्र खडबडीत नसावी. शेपटीच्या चाकाची हौस पुढच्या विमानात.

मर्यादा अधिक ६, उणे ३ जी, पण ही मर्यादा कसरतीच्या वजनालाच. ७ चं एकूण चालणारं वजन १,८०० पौंड, कसरतीला मात्र १,६०० पौंडच, म्हणजे सुमारे ७२६ किलो. रिकामं विमान पाचशे किलोच्या आसपास धरा. उरले २२६. तुम्ही आणि मास्तर ऐंशी-ऐंशी किलोचे, गेले १६०. दोन पॅराशूट, चौदा. राहिलं इंधन ५२ किलो, म्हणजे साधारण ७२ लिटर. पुरतं, पण गादीवाल्या खुर्च्या, दोन-दोन स्क्रीन आणि रंगाचे सहा थर लावलेत तर हेच ७२ लिटर चाळिशीत येतं. हलकं बांधा. आणि सावजीचं मटण जरा कमी करा, ते हिशेबात दोनदा धरलं जातं.

उलट्या उडण्याची इंधन आणि तेलाची खास यंत्रणा पहिल्या वर्षी लावू नका. लूप, बॅरल रोल, नीट केलेला एलेरॉन रोल (रोल म्हणजे नाक पुढेच ठेवून विमानाने कुशीवरून घेतलेली कोलांटी), यात तुम्ही खुर्चीत दाबलेलेच राहता, इंजिनाला कळतही नाही की घर उलटं झालंय.

या विमानाचा एक दुर्गुण आधीच सांगून ठेवतो. ते फार गुळगुळीत आहे. नाक खाली गेलं की वेग असा वाढतो की बघता बघता काटा लाल रेषेला भिडतो, आणि ती रेषा ताशी ३७० किलोमीटरवर आहे. नवशिके बॅरल रोल मधेच सोडतात, उलटे असताना घाबरून स्टिक पोटाशी ओढतात, आणि विमान सरळ जमिनीकडे वेग घेत जातं. सिटाब्रियाचे जाडजूड पंख आणि दांडे हवेतच ब्रेक लावतात. आरव्हीला तसं काही नाही. यावर उपाय म्हणजे पहिलं रिव्हेट ठोकण्याआधीच डेकॅथलॉनसारख्या विमानात दहा तास शिकून या. आपल्या नागरी क्लबांत कसरती शिकवणारा मास्तर मिळणं कठीण, परदेशात दोन आठवडे काढावे लागतील. हा खर्च किटमध्ये धरा. त्यात निम्मा वेळ स्पिनला, म्हणजे गिरक्या घेत खाली पडणाऱ्या विमानातून सावरायला, द्या. थ्रॉटल बंद, एलेरॉन (पंखांच्या कडेच्या झडपा) मधोमध, फिरण्याच्या उलट दिशेला रडर (शेपटीची उभी झडप) पूर्ण, मग स्टिक पुढे. हा क्रम झोपेतून उठवलं तरी पाठ म्हणता आला पाहिजे, आणि म्हणण्याआधी पायाने केलेला असला पाहिजे. उतरल्यावर उलटी झाली तर लाजू नका. पहिल्या लूपनंतर मी रुमाल शोधत होतो, आणि मी तर नुसता बसलो होतो.

आता तुमच्या वर्कशॉपबद्दल. पत्र्याचा हात आहे, पण तो कूलरचा हात आहे, वाईट वाटून घेऊ नका. तुमची पोरं पॉप रिव्हेट मारतात. आरव्हीत बहुतेक ठिकाणी भरीव रिव्हेट आहेत. एक जण बाहेरून हवेच्या गनने ठोकणार, दुसरा आतून पोलादाचा ठोकळा धरणार. तीन-बत्तिसांश इंची रिव्हेट असेल तर मागे तयार झालेलं डोकं रुंदीला त्याच्या दीडपट, म्हणजे नऊ-चौसष्टांश इंच, आणि उंचीला निम्मं. जास्त चपटं झालं तर गेलं, तिरकं झालं तर गेलं. मग ते ड्रिलने काढायचं, आणि भोक मोठं होऊ द्यायचं नाही. पहिल्या शंभरात वीस काढाल. असे हजारो आहेत.

आणि पहिल्याच दिवशी पोरांच्या कानांमागच्या पेन्सिली काढून घ्या. कूलरच्या पत्र्यावर पेन्सिलीने रेघ मारली तर काही होत नाही. विमानाच्या ॲल्युमिनियमवर पेन्सिलीतलं ग्राफाइट राहिलं की ओलाव्यात त्याच रेघेवरून पत्रा खायला लागतो. मी असा एक पॅनल पाहिलाय, ज्यावर वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला आकडा पांढऱ्या भुकटीच्या अक्षरांत उमटला होता. मार्कर वापरा. ओरखडा पडला तर तो घासून गुळगुळीत करा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. प्रत्येक भोकाची धार साफ करायची, प्रत्येक. आणि शेवटी धडाची जमीन व्हॅक्यूमने झाडायची, मग परत झाडायची. उलटे झालात की जमिनीवर पडलेला स्क्रू छताला जातो, आणि परत खाली येताना तो कंट्रोलच्या नळीजवळ जाऊन बसला तर तुमचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारी शेपटीची झडप, अडकतो.

किट टप्प्याटप्प्याने मिळतं: शेपूट, मग पंख, मग धड, मग बाकीचं. शेपूट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहान, शेडच्या एका टेबलावर मावते. कंपनी २०२३ च्या डिसेंबरात दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली होती आणि २०२४ मध्ये बाहेर आली. त्यामुळेही पैसे एकदम अडकवू नका. कुणी सुरू करून सोडलेलं आरव्ही किट स्वस्तात देत असेल तर भोकं लेसरने कापलेली आहेत का ते आधी विचारा. त्या काळातल्या तशा भागांच्या भोकांना डिंपल करताना, म्हणजे रिव्हेटच्या डोक्यासाठी खळगा पाडताना, तडे गेले होते आणि ते बदलावे लागले होते.

परवानगीचं काम मात्र शेपटीच्याही आधी. स्वतः बांधलेल्या विमानासाठी नागरी विमान महासंचालनालयाची स्वतंत्र वाट आहे. मुंबईच्या कार्यालयाला लिहा, कुठल्या टप्प्यावर कोण तपासणार ते कागदावर घ्या, आणि रोजच्या कामाची वही ठेवा, फोटोसकट. आत लपणारा प्रत्येक जोड बंद करण्याआधी फोटो. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ ला ते लोकांनी बीकेसीत पाहिलं आणि नोंदणी हातात पडायला २०१७ चं अखेर उजाडलं. तुमचं किट प्रचलित आराखड्याचं आहे, त्यामुळे प्रश्न कमी पडतील, पण घाईचा माणूस असाल तर हे क्षेत्र सोडा. पहिलं उड्डाणही तुम्ही करू नका. आरव्हीवर तास असलेल्या वैमानिकाला करू द्या. अमेरिकेतही असं नवं विमान सुरुवातीचे २५ ते ४० तास प्रवासी न घेता, ठरलेल्या हद्दीत तपासून पाहतात.

वहिनींचा प्रश्न राहिला. पुरं होणार का? आरव्ही-७ ला हाताचे दीड ते अडीच हजार तास जातात. रोज दोन तास धरले तर तीन वर्षं, पण रोज दोन तास कुणालाच मिळत नाहीत. दिवाळी येते, पोरांची परीक्षा येते, मार्चमध्ये कूलरच्या ऑर्डरी येतात आणि जूनपर्यंत तुम्ही शेडमध्ये विमानाकडे बघायलाही मोकळे नसता. म्हणून त्यांना तारीख सांगू नका. शेपूट मागवा, जुलैत सुरू करा. पुढच्या मार्चपर्यंत शेपूट पूर्ण झाली तर पंखांचे पैसे भरा. नाही झाली तर शेपूट विकून टाका, गिऱ्हाईक मिळतं, आणि उरलेल्या पैशात दर हिवाळ्यात कुठेतरी जाऊन दुसऱ्याच्या डेकॅथलॉनमध्ये लूप मारून या. त्यातही काही कमीपणा नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचीच विमानं दुरुस्त केली.

सासऱ्यांच्या मित्रांना सांगा, पुष्पक भंगारात देऊ नका. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मी टोच्या घेऊन येतो. खालची नळी शाबूत निघाली तर ते मी घेतो.